फ्लोरिडातली अस्वलं आणि शिकारी कुत्रे: विरोध नेमका कशाला करायचा आणि कसा

प्रश्न थोडक्यात असा: ऑर्लँडोच्या उत्तरेला, सेमिनोल काउंटीत राहणारं मराठी कुटुंब. मागच्या अंगणात वर्षातून दोन-तीनदा काळं अस्वल येऊन जातं. राज्याने शिकार पुन्हा सुरू केली आहे आणि पुढे अस्वलांमागे कुत्रे सोडायलाही मुभा मिळणार आहे. त्याला विरोध करायचाय. ग्रीन कार्ड आहे, मताचा अधिकार नाही. शेजारी म्हणतो, अस्वलं फार झालीत, शिकार नको तर काय त्यांची आरती करायची? शेजाऱ्याला काय सांगावं आणि सरकारला काय लिहावं?

"शिकार क्रूर आहे, ती बंद करा" एवढंच लिहिलेलं पत्र वाया जातं. चूक आहे म्हणून नाही, तर त्याला कुणाला उत्तरच द्यावं लागत नाही म्हणून. अशी हजारो पत्रं येतात, 'विरोधात' या रकान्यात एक आकडा वाढतो आणि पत्र फाइलला लागतं. नियमातलं एक कलम धरून "हे इथे या कारणाने चालणार नाही" असं लिहिलंत, तर कर्मचाऱ्यांना त्यावर टिपण तयार करावं लागतं. माझ्या मते फ्लोरिडात सध्या सगळ्यात कच्चं कलम कुत्र्यांचं आहे. म्हणून सगळा जोर तिथे लावा.

पत्र कुणाला पाठवायचं, इथेच बरेच जण चुकतात. आमदाराला लिहून फारसं काही होत नाही. फ्लोरिडा फिश अँड वाइल्डलाइफ कॉन्झर्वेशन कमिशन (पुढे नुसतं 'आयोग') ही राज्यघटनेने निर्माण केलेली संस्था आहे. वन्यप्राण्यांचे नियम करण्याचा अधिकार थेट तिचा आहे, विधिमंडळाला त्यात हात घालता येत नाही. सात सदस्य, पाच वर्षांची मुदत, नेमणूक गव्हर्नरची, शिक्कामोर्तब सिनेटचं. म्हणजे पत्र त्या सात जणांना आणि प्रत गव्हर्नरच्या कार्यालयाला. कॅलिफोर्नियात विधिमंडळाने 2012 मध्ये कायदा करून अस्वल आणि बॉबकॅट (एक रानमांजर) यांच्यामागे कुत्रे सोडणं बंद केलं. "तिथे झालं मग इथे का नाही" असं विचारणाऱ्यांनी हा घटनात्मक फरक आधी समजून घ्यावा.

आता नियम. ऑगस्ट 2025 मध्ये आयोगाने शिकारीला मंजुरी दिली. पहिला हंगाम 6 ते 28 डिसेंबर 2025, चार विभाग, एकूण 172 परवाने, तेही लॉटरीने. एका परवान्यावर एकच अस्वल. 100 पौंडांपेक्षा, म्हणजे साधारण 45 किलोपेक्षा, लहान अस्वल आणि पिल्लांसोबतची मादी मारायला मनाई. पुढच्या वर्षांत हंगाम ऑक्टोबर ते डिसेंबर यांमध्ये कधीही ठेवता येईल. खाजगी जमिनीवरच्या खाद्यकेंद्राजवळ (शिकारीच्या प्राण्यांसाठी मका वगैरे टाकण्याची जागा) अस्वल टिपायला मुभा. आणि कुत्रे: 2025 आणि 2026 मध्ये बंदी, 2027 पासून परवानगी, दरम्यान त्यांना तयार करण्यासाठी पाठलागाचा सराव. हे शेवटचं वाक्य बातम्यांत एका ओळीत उरकलं गेलं. खरं दुखणं तिथेच आहे.

त्याआधी 2015 विषयी, कारण प्रत्येक सुनावणीत कुणीतरी 2015 काढतोच आणि बहुधा चुकीच्या जागी काढतो. त्या वर्षी 24 ऑक्टोबरला, एकवीस वर्षांनी, शिकार उघडली. कोटा 320 अस्वलांचा, मुदत आठवड्याची. पण परवान्यांना मर्यादाच नव्हती. शंभर डॉलर (बाहेरच्या राज्यातल्याला तीनशे) भरले की परवाना; पावणेचार हजारांहून अधिक विकले गेले. मारलेलं अस्वल तपासणी नाक्यावर आणायला बारा तासांची मुभा होती, त्यामुळे दिवसभरात किती पडली हे आयोगाला संध्याकाळनंतरच कळायचं. पूर्व पॅनहँडल (राज्याच्या वायव्येची चिंचोळी पट्टी) विभागाचा कोटा 40 चा, तिथे शंभरावर अस्वलं मेली. दोन विभाग पहिल्याच दिवशी आणि उरलेले दुसऱ्या दिवशी बंद करावे लागले. एकूण आकडा 304 वर गेला, त्यात निम्म्याहून जास्त माद्या. पुढच्या वर्षी, जून 2016 मध्ये, आयोगाने 4 विरुद्ध 3 मतांनी शिकार नाकारली.

पण "2015 सारखी कत्तल पुन्हा होईल" हा मुद्दा आता टिकत नाही. परवाने मोजून दिले की कोटा ओलांडला जाऊच शकत नाही; ती चूक 2025 च्या नियमात दुरुस्त झाली आहे. तुम्ही तोच मुद्दा मांडलात की समोरचा अधिकारी दोन वाक्यांत तुम्हाला गप्प करतो आणि तुमचे पुढचे चांगले मुद्देही हलके होतात. 2015 चा उपयोग एवढाच: नियम कागदावर ठीक दिसतो आणि रानात उतरल्यावर मोडतो, आणि नेमका कुठे मोडेल हे आधी सांगता येतं. कुत्र्यांच्या बाबतीत तेच सांगायचं आहे.

कुत्र्यांची शिकार म्हणजे काय, हे विरोध करणाऱ्यांतल्या पुष्कळांना माहीत नसतं. लोकांच्या डोळ्यापुढे कुत्र्यांनी अस्वल फाडल्याचं चित्र असतं. तसं सहसा होत नाही. हे कुत्रे मारायला नसतात, माग काढायला आणि अडवून धरायला असतात. प्लॉट हाउंड (नॉर्थ कॅरोलायनाच्या डोंगरात अस्वलांसाठीच जोपासलेली जात, 1989 पासून त्या राज्याचा अधिकृत कुत्रा), वॉकर, ब्लूटिक, ब्लॅक अँड टॅन अशा जाती. ट्रकच्या मागे कुत्र्यांची खणांची पेटी असते. तिच्यावर सगळ्यात तयार नाकाचा एक कुत्रा साखळीला बांधून उभा करतात आणि ट्रक रानातल्या कच्च्या रस्त्याने अगदी हळू चालवतात. रात्रीत अस्वल रस्ता ओलांडून गेलं असेल तर वाऱ्यावरच्या वासाने तो कुत्रा पेटीवरूनच ओरडायला लागतो. मग खाली उतरून वाळूत पंजाचा ठसा बघायचा, मोठा वाटला तर आधी एक-दोन अनुभवी कुत्रे सोडायचे, माग पक्का झाला की उरलेले.

इथून पुढे शिकारी माणूस कुत्र्यांच्या सोबत नसतो. ही गोष्ट पत्रात अधोरेखित करा. प्रत्येक कुत्र्याच्या गळ्यात जीपीएस पट्टा असतो, हातातल्या यंत्राच्या पडद्यावर नकाशा आणि त्यावर सरकणाऱ्या खुणा. माणूस ट्रकमध्ये बसून रस्त्यारस्त्याने त्या खुणांच्या पुढे जाण्याचा प्रयत्न करतो. पाठलाग कधी वीस मिनिटांचा, कधी कित्येक तासांचा आणि बऱ्याच मैलांचा. शेवटी अस्वल झाडावर चढतं, कुत्रे बुंध्याशी उभे राहून तोंड वर करून सलग भुंकतात. पट्ट्यातला सेन्सर तेही ओळखतो आणि पडद्यावर "झाडाशी" अशी खूण उमटते. मग माणूस चालत जातो, कुत्रे मागे बांधतो आणि गोळी घालतो.

हे सगळं अस्वल झाडावर चढेल या एका गृहीतावर उभं आहे. आपल्याकडे विदर्भात, मेळघाटात किंवा बुलढाण्याच्या ज्ञानगंगेत जे अस्वल आहे, त्याच्यामागे कुत्रे सोडले तर ते बहुधा उलटून अंगावर येईल. वाघाच्या रानात राहणाऱ्या जनावराची ती सवय आहे. अमेरिकी काळं अस्वल घाबरलं की झाड गाठतं. मराठी माणूस "अस्वल" म्हटल्यावर जे घाबरतो, ते आपल्या अस्वलाला, आणि तिथल्या अनुभवाने ते योग्यच आहे. फ्लोरिडातल्या अंगणातलं जनावर वेगळं आहे, हे शेजाऱ्याला नसलं तरी निदान घरातल्या आजी-आजोबांना समजावून सांगा.

मात्र फ्लोरिडाचं रान म्हणजे उत्तरेच्या डोंगरातलं मोकळं जंगल नव्हे. सॉ पाल्मेटो या बुटक्या पामची कमरेइतकी काटेरी दाटी, टिटी नावाच्या झुडपांची दलदल, मध्ये पाणी. अशा ठिकाणी अस्वल झाडावर न जाता जमिनीवरूनच पळत राहतं किंवा झुडपात पाठ लावून कुत्र्यांना तोंड देतं. मग कुत्री फाटतात. उष्माघात, मगर, साप हे वेगळंच. ऑक्टोबरमध्येही दुपारी तिथे 28-30 अंश असतात. त्या दिवसांत अस्वल हिवाळ्यासाठी खाऊन खाऊन, दिवसाला पंधरा-वीस हजार कॅलरीपर्यंत, चरबी चढवत असतं. अंगावर जाड केस, घाम येऊन अंग थंड होण्याची सोय नाही. दोन-तीन तास पळवलेलं अस्वल शिकाऱ्याने झाडावर बघून "लहान आहे" म्हणून सोडून दिलं, तरी त्याचा ताप आणि गमावलेला आहार त्याच्या वाट्याला राहतोच. सरावाच्या हंगामात तर सगळीच अस्वलं अशी "सोडून दिलेली" असतात आणि त्यांची नोंद कुठल्याच कोट्यात होत नाही. आयोगाला हा प्रश्न सरळ विचारा: सरावात एका अस्वलाचा किती वेळा पाठलाग होईल, आणि ते मोजणार कोण?

कुत्र्यांच्या बाजूचा सगळ्यात भारी युक्तिवादही माहीत असू द्या. तो निवडीचा आहे. ते म्हणतात, मचाणावरून किंवा खाद्यकेंद्राजवळ घाईत गोळी घालण्यापेक्षा झाडावरचं अस्वल निवांत बघता येतं, पिल्लांची आई असेल तर सोडता येते. यात तथ्य आहे, ते नाकारू नका. पण तो झाडाखाली पोहोचल्यानंतरचा भाग झाला. वाळूतल्या ठशावरून नर की मादी आणि सोबत पिल्लं आहेत का, हे खात्रीने कळत नाही. पाठलाग सुरू झाला की मादी पिल्लांना वाटेतल्या झाडावर चढवून स्वतः पुढे पळते किंवा सगळी फुटतात. शिकारी पोहोचतो तेव्हा झाडावर एकटी मादी दिसते. पंधरा मीटर उंचावर, पानांच्या आड, दूध पाजणारी आहे की नाही हे दुर्बिणीतूनही सांगणं कठीण. "पिल्लांसोबतची मादी मारू नये" हा नियम ज्या प्रसंगासाठी केला, तो प्रसंगच कुत्र्यांनी आधी पुसून टाकलेला असतो. हे वाक्य जसंच्या तसं इंग्रजीत करून पत्रात घातलंत तरी चालेल.

पिल्लांबद्दल एक सावधगिरी. "आई मेली की पिल्लं मरणारच" असं ठामपणे लिहू नका. फ्लोरिडात पिल्लं साधारण जानेवारीअखेर-फेब्रुवारीत जन्मतात. ऑक्टोबरपर्यंत ती आठ-नऊ महिन्यांची होतात आणि त्या वयात काही पिल्लं स्वतःच्या बळावर जगतात. आयोगाचे जीवशास्त्रज्ञ हेच उत्तर देतात आणि ते खोटं नाही. आईसोबत ती साधारण दीड वर्ष राहतात, म्हणून नुकसान होतं, पण शंभर टक्के मृत्यू नाही. तुमचा मुद्दा तारखांवर उभा करा. सराव उन्हाळ्याच्या सुरुवातीला ठेवला तर पिल्लं चार-पाच महिन्यांची असतात, आणि तेव्हाची ताटातूट फार महागात पडते. म्हणून सरावाच्या तारखा मागून घ्या. व्हरमाँटमध्ये हा सराव 1 जूनला सुरू होतो, विस्कॉन्सिनमध्ये जुलै-ऑगस्टमध्ये. तोच साचा फ्लोरिडात आला तर विरोधाला फार चांगली जमीन मिळते.

डिसेंबरच्या हंगामाचंही असंच आहे. डिसेंबर हा महिना मुळात माद्यांच्या दृष्टीने बरा. गाभण माद्या तोवर गुहेकडे वळतात, गोळीच्या वाटेत नर जास्त येतात. पण फ्लोरिडातली "गुहा" म्हणजे दगडातली कपार नव्हे. ते बहुतेक वेळा पाल्मेटोच्या गचपणात जमिनीवरच केलेलं पालापाचोळ्याचं घरटं असतं. माणसाला ते दहा पावलांवरून दिसत नाही, कुत्र्याच्या नाकाला मात्र सहज सापडतं. म्हणजे डिसेंबरच्या तारखेने माद्यांना जे संरक्षण दिलं, ते कुत्र्यांनी काढून घेतलं. आयोगाच्या दोन कलमांनी एकमेकांना छेद द्यावा, यापेक्षा चांगला मुद्दा सुनावणीत मिळत नाही.

दुसरा असाच छेद आमिषाचा. अस्वलांना खायला घालणं फ्लोरिडात गुन्हा आहे. तुम्ही अंगणात मुद्दाम केळी ठेवलीत तर दंड, आणि त्याच राज्यात खाजगी रानातल्या मक्याच्या खाद्यकेंद्राशी आलेलं अस्वल टिपायला परवाना. माणसाच्या हातचं अन्न अस्वलाला माणसाजवळ आणतं, हे आयोग स्वतःच्या पत्रकांत वर्षानुवर्षं छापतो आहे.

आता सगळ्यात धारदार मुद्दा, जो फार थोडे लोक मांडतात. चार विभागांपैकी एक बिग सायप्रसचा, राज्याच्या नैऋत्येला. तोच फ्लोरिडा पँथरचा (हा बिबट्या नव्हे, प्यूमा) शेवटचा बालेकिल्ला. 1967 पासून संघराज्याच्या संकटग्रस्त यादीत असलेला, प्रौढ संख्या दोनशेच्या आसपास. हा पँथरही कुत्रे मागे लागले की झाडावर चढतो. संशोधक त्याला पट्टा बांधायला पकडतात ते याच पद्धतीने: कुत्रे सोडायचे, झाडावर चढवायचं आणि बेशुद्धीचं इंजेक्शन मारायचं. 1973 च्या संकटग्रस्त प्रजाती कायद्यात मनाई केलेल्या कृत्यांची व्याख्या नुसत्या मारण्यापुरती नाही; त्रास देणं आणि पाठलाग करणं हेही शब्द तिच्यात आहेत. अस्वलासाठी सोडलेले सहा कुत्रे वाटेत पँथरच्या वासावर वळले, तर ट्रकमधल्या माणसाला ते नकाशावर कळेल कसं? नुसती सरकणारी खूण दिसणार. निदान या एका विभागात कुत्र्यांना कायमची बंदी, ही मागणी शिकारप्रेमी सदस्यालाही सहज झिडकारता येणार नाही. मागणी लहान आणि नेमकी असली की मत फिरण्याची शक्यता वाढते.

हद्दीचा प्रश्न तुमच्या भागाला थेट लागू. अस्वल तासाला पन्नास किलोमीटरच्या जवळपास वेगाने पळू शकतं आणि कुत्र्याला "खाजगी मालमत्ता" ही पाटी वाचता येत नाही. हरणांमागे कुत्रे सोडण्यावरून फ्लोरिडात वर्षानुवर्षं जमीनमालक आणि शिकारी यांची भांडणं चालू आहेत, त्यातूनच नोंदणीकृत जमीन, पट्ट्यावर क्रमांक, दूरून कुत्र्याला आवरणारं यंत्र असे नियम आले. पण हरणाचा पाठलाग बराचसा फिरून त्याच टापूत येतो, अस्वल सरळ रेषेत मैलोन्‌मैल निघून जातं. तुम्ही किंवा ओळखीचं कुणी पाच-दहा एकराचे मालक असाल, तर मालक म्हणून लिहा. शिकारीच्या बाजूच्या ग्रामीण मतदारालाही आपल्या कुंपणात परकी कुत्री नको असतात. प्राणीप्रेमापेक्षा हा मुद्दा तिथे जास्त चालतो, कुणाला वाईट वाटो वा न वाटो.

संख्येबद्दल. आयोग राज्यात सुमारे 4,050 अस्वलं सांगतो. हा अंदाज 2014-15 च्या मोजणीवरून आहे: काटेरी तारेचं छोटं रिंगण, मध्ये आमिष, तारेला अडकलेल्या केसांतून डीएनए आणि त्यावरून गणित. पद्धत चांगली आहे, तिच्यावर हल्ला करू नका. हल्ला वयावर करा. दशकाने जुन्या आकड्यावर नव्या हत्याराची परवानगी का? शिवाय 4,050 हा एकच कळप नाही. सात वेगवेगळ्या तुकड्या आहेत. ओकाला, अपालाचिकोला आणि बिग सायप्रसमध्ये हजाराच्या घरात, तर चासाहोविट्स्कात जेमतेम तीसेक. मध्ये महामार्ग आणि वसाहती. गाड्यांखालीच दरवर्षी अडीचशे-तीनशे अस्वलं मरतात, म्हणजे 172 च्या कोट्याहून जास्त. शेजारी "फार झालीत" म्हणतो तेव्हा त्याला बहुधा एवढंच म्हणायचं असतं की आपल्या गल्लीत फार दिसतात. ते खरं आहे. त्याचं कारण कचऱ्याचा डबा आहे.

शिकारीने गल्लीतली अस्वलं कमी होतात का? कॅनडातल्या ऑन्टारियोत झालेल्या अभ्यासांत, मारलेल्या अस्वलांची संख्या आणि तक्रारी यांचा मेळ लागला नाही. रानात बोरं-फळं कमी आली त्या वर्षी तक्रारी वाढल्या. 2023 मध्ये छापलेल्या अभ्यासात तर पुन्हा सुरू केलेल्या वसंतातल्या शिकारीनंतरही तक्रारी घटल्या नाहीत. उलट बाजूही सांगतो: न्यू जर्सीत शिकार आणि उपद्रवी अस्वलं मारणं या दोन्हींनी तक्रारी कमी झाल्याचा अभ्यास आहे. तिथे दाटी फार होती, मारण्याचं प्रमाणही मोठं होतं. आयोगाच्या बाजूचा माणूस हा अभ्यास काढणारच, तुम्ही आधीच काढा आणि फरक सांगा. मग कोलोरॅडोतल्या ड्युरँगोकडे वळा. तिथे शहराच्या काही भागांत अस्वलाला न उघडणारे हजारावर डबे वाटले आणि बाकी भागांशी तुलना केली. डबे दिलेल्या भागांत कचऱ्यावरून होणारे प्रसंग 60 टक्क्यांनी कमी. शिकार ओकालाच्या रानात होते, तुमचा डबा लेक मेरीसारख्या तुमच्या काउंटीतल्या वस्तीत असतो. रानातलं अस्वल मारून डब्याची चटक लागलेलं अस्वल कमी होत नाही.

आणि कुत्र्यांचा या सगळ्याशी उपयोग होतो तो वेगळ्या कामासाठी. वॉशिंग्टन राज्याचा वन्यजीव विभाग कॅरेलियन बेअर डॉग या जातीचे कुत्रे वापरतो: पकडलेलं उपद्रवी अस्वल सोडताना त्याच्यावर कुत्रे भुंकवून त्याला माणसांच्या वस्तीची दहशत बसवायची. माणूस तिथेच उभा, पाठलाग थोडका, अस्वल जिवंत. "तुम्ही कुत्र्यांच्याच विरोधात आहात का?" असं कुणी विचारलं तर हे उदाहरण द्या.

बाकी राज्यांतून दोनच गोष्टी उचला. कोलोरॅडो (1992), ओरेगॉन (1994), वॉशिंग्टन आणि मॅसॅच्युसेट्स (दोन्ही 1996) इथे मतदारांनी अस्वलांमागे कुत्रे सोडणं थेट मतदानाने बंद केलं. तिथे अस्वलांची शिकार संपली नाही, इतर पद्धतींनी चालू आहे. म्हणून कुत्र्यांवर बंदी म्हणजे शिकारीवर बंदी, हा आरोप टिकत नाही. दुसरी गोष्ट मेन राज्याची: तिथे 2004 आणि 2014 मध्ये असाच प्रस्ताव दोनदा पडला, कारण त्यात आमिष, कुत्रे आणि सापळे तिन्ही एकत्र बांधले होते आणि राज्याचा वन्यजीव विभाग उघडपणे विरोधात उभा राहिला. मोठं गाठोडं बांधलं की कुणाला ना कुणाला त्यातली एक वस्तू हवीच असते.

फ्लोरिडात एक नवी अडचण आहे. नोव्हेंबर 2024 मध्ये दोन तृतीयांश मतदारांनी शिकार आणि मासेमारीचा हक्क राज्यघटनेत घातला, "पारंपरिक पद्धतीं"सह. कुत्रे ही पारंपरिक पद्धत आहे असं समोरून म्हटलं जाईल. उत्तर त्याच दुरुस्तीत आहे: आयोगाचे अधिकार तिने अबाधित ठेवले आहेत. हंगाम, पद्धत, जागा ठरवण्याची मुभा आयोगाला कालही होती, आजही आहे. गंमत म्हणजे याच मतदारांनी 2018 मध्ये ग्रेहाउंड कुत्र्यांच्या शर्यती 69 टक्के मतांनी बंद केल्या होत्या.

आता लिहायचं कसं. ग्रीन कार्ड असो वा व्हिसा, आयोगाच्या जाहीर बैठकीत बोलायला आणि लेखी अभिप्राय द्यायला नागरिकत्व लागत नाही. (निवडणूक मोहिमेला पैसे देण्याचा नियम निराळा आहे, व्हिसावर असाल तर त्या वाटेला जाऊ नका.) बोलायला तीन मिनिटं धरा, गर्दी असेल तर एकच मिळतं, म्हणून पहिल्या चाळीस सेकंदांत मागणी येऊ द्या. नमुना असा: मी सेमिनोल काउंटीत राहतो. अस्वलविषयक नियमांतली कुत्र्यांची तरतूद 2027 पूर्वी मागे घ्यावी. ते होत नसेल तर तीन बदल करावेत: बिग सायप्रस विभागात पँथरमुळे कुत्र्यांना पूर्ण मनाई, सरावाचा हंगाम उन्हाळ्यात नको आणि प्रत्येक पाठलागाची नोंद सक्तीची, आणि तुकडीनिहाय नवी मोजणी होईपर्यंत कुत्र्यांचा परवाना नाही. मग वेळ उरला तर कारणं. लेखी पत्र एका पानाचं, सातही सदस्यांना वेगवेगळं, गटाने फिरवलेला मजकूर न चिकटवता. महाराष्ट्र मंडळाच्या ग्रुपवर एकच मसुदा दोनशे जणांनी पाठवला तर मोजणीत तो एकासारखाच धरला जाण्याची भीती असते; त्यापेक्षा वीस जणांनी वीस वेगळी पत्रं लिहावीत.

लॉटरीत अर्ज करून परवाना मिळवायचा आणि वापरायचा नाही, हा मार्ग 2025 मध्ये बऱ्याच विरोधकांनी अवलंबला. पाच डॉलरचा अर्ज, कितीही वेळा करता येणारा, एकूण 1 लाख 60 हजारांहून अधिक आले. परवाने मोजके असल्यामुळे न वापरलेला प्रत्येक परवाना त्या हंगामात एक अस्वल वाचवतो. कायदेशीर आहे, करा. पण त्याने नियम बदलत नाही आणि पैसा आयोगाकडेच जातो. रानात जाऊन शिकाऱ्यांना अडवणं, कुत्र्यांना हुसकावणं, हॉर्न वाजवणं मात्र अजिबात नको: शिकारीत मुद्दाम व्यत्यय आणणं हा फ्लोरिडात गुन्हा आहे, आणि इमिग्रेशनच्या कागदांवर अटकेची नोंद कुणालाच परवडत नाही.

आणि सुनावणीला जाण्याआधी स्वतःचं अंगण बघा. सेमिनोल काउंटीत आय-4 महामार्गाच्या पश्चिमेला 2015 पासून कचऱ्याबाबत वेगळा वटहुकूम आहे. डबा गाडी येण्याच्या दिवशी सकाळीच बाहेर काढायचा, आदल्या रात्री नाही. साध्या डब्याला पट्टा-कडीचा संच बसवता येतो, पण झाकण मऊ असेल तर अस्वल कोपऱ्यातून दाबून उघडतं, तेव्हा अस्वलरोधक म्हणून तपासलेला डबाच घ्या. आपल्या घरांतल्या खास गोष्टी म्हणजे पक्ष्यांसाठी टाकलेला उरलेला भात आणि पोळीचे तुकडे, पूजेनंतर झाडाखाली ठेवलेला नैवेद्य, आंब्या-चिकूचा पडलेला सडा, गॅरेजचं दार उघडं आणि आत तुपाचा डबा असलेला फ्रिज. मधाच्या पेट्या किंवा कोंबड्या असतील तर विजेचं कुंपण: किमान 0.7 जूल, पाच-सहा हजार व्होल्ट, अर्थिंगची सळई ओल्या मातीत खोल, आणि तारेखालचं गवत दर आठवड्याला कापलेलं. गवत टेकलं की दाब जमिनीत उतरतो आणि अस्वलाला कळतं की हे कुंपण नुसतं दिखाव्याचं आहे. शेजाऱ्याशी बोलणं इथून सुरू करा. त्याचा डबा रात्री बाहेर असतो का, एवढंच आधी विचारा.